घड्याळातला झोन नेमका कोणाचा?

मागच्या अंकात ‘हळू पळा, झोन २ मध्ये पळा’ (म्हणजे हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके सोप्या पळण्याच्या पट्ट्यात ठेवा) एवढं सहज लिहून गेले आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली काही इथे घेते. मी परभणीत शाळेवर क्रीडाशिक्षिका होते, आता सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळणाऱ्या मंडळींना शिकवते. डॉक्टर नाही. तेव्हा छातीत दुखणं, चक्कर, धडधड असल्या तक्रारी घेऊन माझ्याकडे न येता सरळ दवाखाना गाठायचा.

प्रश्न : मॅडम, वय ४७, बँकेत नोकरी. सहा-सात महिन्यांपासून पळतोय, आता न थांबता आठ किलोमीटर होतात. मुलीने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं आणि तेव्हापासून पळण्यातलं सुख गेलं. घड्याळ म्हणतं, तुमचा झोन २ म्हणजे १०४ ते १२१ ठोके. मी कितीही रेंगाळत पळालो तरी १३८-१४० च्या खाली येत नाही. १२० ला राहायचं तर चालावंच लागतं. पळताना सोबत्याशी शाखेतल्या गप्पा आरामात मारता येतात, त्रास काही नाही. माझं हृदय कमजोर आहे का? — एक वाचक, परभणी

उत्तर : तुमच्या पत्रात तरी तसं काही दिसत नाही. अडचण घड्याळाच्या हिशेबाची आहे. त्या घड्याळाला तुमच्याबद्दल माहीत काय आहे? जन्मतारीख. त्यावरून त्याने २२० वजा ४७ केलं, १७३ हे तुमचे कमाल ठोके धरले आणि त्याचे ६० ते ७० टक्के काढून १०४ ते १२१ हा पट्टा तुमच्या मनगटावर लिहून टाकला.

हे ‘२२० वजा वय’ आलं कुठून, ते एकदा समजून घ्या म्हणजे त्याची भीती जाईल. अमेरिकेत फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी १९७१ साली हृदयविकार आणि व्यायाम यावर एक लेख लिहिला. त्यात आधीच्या अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडून त्यांतून ढोबळ रेघ ओढली होती. डॉक्टरांना तोंडी हिशेब करायला सोपी म्हणून ती पसरली, पुढे जिममधल्या तक्त्यांवर आली आणि तिथून घड्याळांत. पुढे २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून दुसरं सूत्र दिलं: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. तुमच्या वयाला ते १७५ येतं, म्हणजे फरक दोनच ठोक्यांचा. विशीतल्या पोराला मात्र जुनं सूत्र जास्त आकडा देतं आणि साठीनंतर कमी देतं. बायकांसाठी २०१० मध्ये शिकागोहून वेगळं सूत्र आलं, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट.

पण सूत्र कुठलंही घ्या, ती सरासरी आहे. एकाच वयाच्या माणसांत कमाल ठोके दहा-बारा इकडे किंवा तिकडे असणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि काहींचे त्याहून लांब असतात. ४७ व्या वर्षी कुणाचे १६०, कुणाचे १८८. दोघंही ठणठणीत. ज्याचे १८८ आहेत त्याने १०४ वर पळायचा प्रयत्न केला तर तो तुमच्यासारखाच वैतागेल. सरासरी मापाचा शर्ट अंगात गेला नाही म्हणून कुणी स्वतःला आजारी म्हणवून घेत नाही.

आता तुमचे स्वतःचे आकडे काढू. पहिला, विश्रांतीचे ठोके. सकाळी जाग आली की अंथरुणातच, मोबाइल हातात घेण्याआधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. चार-पाच सकाळी मोजून सरासरी घ्या. समजा ६२ आली. कमाल आणि विश्रांती यांतला फरक म्हणजे तुमच्याकडे खर्चायला असलेले, राखीव ठोके. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये ही पद्धत मांडली. सूत्राचेच १७३ धरले तरी फरक येतो १११. त्याचे ६० टक्के ६७, ७० टक्के ७८. त्यात ६२ मिळवा: १२९ ते १४०. बघा, तुमचे ‘जास्तीचे’ १३८ आत येऊन बसले.

इथे एक सावधगिरी. कमाल ठोक्यांचे ६० टक्के आणि राखीव ठोक्यांचे ६० टक्के या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. नाव दोन्हीकडे ‘झोन २’ असतं, म्हणून लोकांचा घोळ होतो. तुमच्या सोबत्याच्या ॲपमध्ये एक पद्धत आणि तुमच्या घड्याळात दुसरी असेल तर दोघांनी आकड्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. एक पद्धत धरा आणि तिलाच चिकटून राहा.

माझ्या गटात मी तिसरी पद्धत वापरते आणि मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. तिच्यात कमाल ठोक्यांशी काही देणंघेणं नाही. आपण ज्या जोरावर साधारण तासभर टिकू शकतो, ज्याच्यापुढे गेलं की पाय जड होतात आणि बोलणं तुटतं, तो उंबरठा शोधायचा. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांनी सांगितलेली चाचणी त्यासाठी पुरते. थंड सकाळ निवडा, सपाट रस्ता निवडा. विद्यापीठातला आतला रस्ता त्याला उत्तम, सिग्नल नाही की ट्रॅक्टर नाही. पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करा. मग एकट्याने तीस मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा सर्वांत जास्त जोरात पळा. दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबा. उरलेल्या वीस मिनिटांचे सरासरी ठोके हा तुमचा उंबरठा. बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत गाढवासारखे सुटतात आणि विसाव्या मिनिटाला चालू लागतात. ती चाचणी बाद. आठवड्याने परत करा.

समजा तुमचा उंबरठा १६४ आला. पळण्यासाठी फ्रील यांच्या हिशेबात ८५ टक्क्यांच्या खाली झोन १, ८५ ते ८९ झोन २, ९० ते ९४ झोन ३, ९५ ते ९९ झोन ४, आणि त्यावर झोन ५. म्हणजे तुमचा झोन २ साधारण १३९ ते १४६. शाखेतल्या गप्पा मारता येतात हे तुम्ही लिहिलंच आहे. तो पुरावा कुठल्याही घड्याळापेक्षा मोठा. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर तुम्ही सोप्या पट्ट्यात आहात. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की झोन ३ च्या पुढे गेलात.

चाचणीच्या आधी मात्र डॉक्टरांना भेटा. चाळिशी ओलांडलेली आहे. साखर किंवा बीपी असेल, वडिलांना लवकर झटका आलेला असेल, किंवा खिशात तंबाखूची पुडी असेल (आपल्याकडे विचारावंच लागतं), तर ईसीजी आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट झाल्याशिवाय तीस मिनिटं जीव तोडून पळायचं नाही. मग घड्याळाच्या ॲपमध्ये हृदयगतीच्या झोनचं पान उघडा, तिथे स्वतःचे आकडे घालायची सोय असते. मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत करून देईल.

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका. हिवाळ्यात किलोमीटरला ७ मिनिटं ४० सेकंद या वेगाने पळाले की ठोके १४२ असायचे. आता मे महिन्यात तोच वेग, तोच रस्ता आणि ठोके १५६! शेवटच्या दोन किलोमीटरला तर १६० च्या वर. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली का? — एक वाचक, लातूर

उत्तर : मेहनत आहे तिथेच आहे, उन्हाळा आलाय. हृदयाला आता दोन घरचं बघावं लागतंय. पायांना रक्त द्यायचं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीकडेही रक्त पाठवायचं. त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी झालं की हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं. तेवढंच रक्त पोहोचवायला मग ठोके वाढतात. म्हणूनच पहिल्या किलोमीटरपेक्षा शेवटच्या दोनमध्ये आकडा चढलेला दिसतो, वेग तोच असूनही. हिवाळ्यातही लांब पळताना हे थोडं होतं, मेमध्ये जास्त.

मराठवाड्याची गरमी कोरडी, तिची एक खोड आहे. मुंबईच्या माणसाला घाम निथळताना दिसतो. आपल्याकडे तो अंगावर टिकतच नाही, वाळून जातो. म्हणून ‘मला घामच येत नाही’ असं सांगणाऱ्या बायका माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. त्यांच्या काळ्या टी-शर्टच्या पाठीवर आणि टोपीच्या कडेवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. तुमची टोपी बघा. खरा हिशेब हवा असेल तर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते पळून आल्या आल्या एकदम घटाघटा न पिता पुढच्या दोन-तीन तासांत भरून काढायचं. माठातलं पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, ताक. एवढं पुरतं, महागड्या पुड्या लागत नाहीत.

आता पळायचं कसं? मे महिन्यात वेग विसरा, ठोके धरा. तुमच्या झोन २ ची वरची हद्द १४५ असेल तर १४५ लाच राहा, मग किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागोत की नऊ. मध्ये चालावं लागलं तर चाला. शेजारच्या काकू बघतील म्हणून ठोके वर नेऊ नका. लातूरला मेमध्ये रात्रीसुद्धा जमीन तापलेली असते, डांबराच्या रस्त्यावर तर जास्तच, म्हणून पहाटे उजाडायच्या आत निघा आणि शक्य असेल तर मातीच्या मैदानावर पळा. संध्याकाळची वेळ उन्हाळ्यापुरती सोडून द्या. शरीर उन्हाला रुळायला साधारण दहा ते चौदा दिवस घेतं, तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं आणि ठोके थोडे उतरतात. त्या दिवसांत अंतर कमी ठेवा.

आणखी एक, जे पुरुष प्रशिक्षक सहसा सांगत नाहीत. पाळी येण्याआधीच्या दिवसांत विश्रांतीचे ठोके दोन-चारने जास्त असतात आणि शरीराचं तापमानही किंचित वर असतं. घड्याळ ‘रिकव्हरी कमी’ म्हणून लाल होईल. घाबरायचं कारण नाही. लग्नसराईतली जागरणंही आकडा वर नेतात, ती मात्र आपल्या हातात असतात. (थोडीशी. चुलत नणंदेचं लग्न असेल तर नसतात.)

उन्हात पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं वाटलं, डोकं गरगरलं किंवा बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबायचं, सावलीत जायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि कुणाला तरी हाक मारायची. एकटीने ‘एवढा एक किलोमीटर’ पूर्ण करायचा नाही.

प्रश्न : मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करतो. वय २१. रोज पहाटे १६०० मीटर फुल्ल दमात मारतो. वेळ ५ मिनिटं ५० सेकंदांवर अडकलीय, पूर्ण मार्कांना ५:१० लागतात. घड्याळ नाही, घ्यायला पैसेही नाहीत. पोरं म्हणतात, हळू पळालं की माणूस हळूच राहतो. अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्यातला, तो काय हळू पळून मोठा झाला का? — एक उमेदवार, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : बाळा, तू रोज परीक्षा देतोस, अभ्यास कधी करतोस? रोज पूर्ण दमाने पळालास तर पाय सावरायच्या आधीच दुसरा दिवस उजाडतो. म्हणून वेळ अडकली.

पाच-सहा मिनिटांची शर्यत तुला स्प्रिंटसारखी वाटते, पण तिच्यातली बहुतांश ताकद श्वासातल्या ऑक्सिजनवर तयार होते. हे इंजिन सोप्या, लांब पळण्याने वाढतं. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जगातल्या अव्वल धावपटूंचा, रोइंग आणि स्कीइंगवाल्यांचा सराव तपासला. त्यात सुमारे ८० टक्के सत्रं सोपी निघाली. उरलेली मात्र खरोखर कठीण. तुमच्या ग्रुपमध्ये उलटं चाललंय, सगळेच दिवस अर्धवट कठीण.

साबळेचं नाव घेतलंस म्हणून सांगते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळाला आणि सुवर्णपदक ०.०५ सेकंदांनी हुकलं. त्या शर्यतीत केनियाच्या पोरांच्या बरोबरीने पळताना तू त्याला बघितलंस. तो आठवड्यातले बाकीचे दिवस कसे घालवतो ते मोबाइलवरच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत दिसत नाही.

घड्याळाची गरज नाही, गळ्याला बोट लाव. कंठाच्या बाजूला, हलकेच, एकाच बाजूने. थांबल्या क्षणी दहा सेकंद मोज आणि सहाने गुण. लगेच मोजायचं, कारण तुझ्या वयात ठोके अर्ध्या मिनिटात झपाट्याने उतरतात, आणि मिनिटभर मोजत बसलास तर खोटा आकडा येईल. सोप्या दिवशी दहा सेकंदांत २३ ते २५ ठोके यायला हवेत, म्हणजे मिनिटाला १३८ ते १५०. २७-२८ आले तर तू सोपं पळत नाहीयेस. सोबत्याशी बोलत पळ. गाण्याची एक ओळ म्हणता आली तर फारच छान.

आठवडा असा लाव. चार दिवस सोपं, ४० ते ५० मिनिटं. एक दिवस ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, तुला भरतीत लागणाऱ्या वेगाने, म्हणजे फेरीला ७७-७८ सेकंद. प्रत्येक फेरीनंतर चालत राहा, दहा सेकंदांत ठोके २० वर आले की पुढची. शेवटच्या दोन फेऱ्यांना ८५ सेकंद लागू लागले तर तिथेच थांब, पुढच्या आठवड्यात परत. एक दिवस थोडं लांब पण जोमाने, वीसेक मिनिटं, दोन-तीन शब्दच बोलता येतील एवढं. एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण १६०० मीटर दोन आठवड्यांतून एकदाच, वेळ लावून. आणि अंधारात हायवेच्या कडेने पळणं बंद कर. शाळेचं मैदान शोध, चारशे मीटरचा ट्रॅक नसेल तर दोरीने मोजून चुन्याने आखून घे.

प्रश्न : ताई, वय ६१, निवृत्त. रोज सकाळी गोदावरीच्या घाटाकडे जोरात चालायला जातो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. सूत्राप्रमाणे माझे कमाल ठोके १५९, पण घाटाच्या पायऱ्या भराभर चढलो तरी १०४ च्या वर आकडा जात नाही. व्यायाम कमी पडतो का? जोर वाढवू का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : काका, जोर वाढवू नका आणि गोळी तर मुळीच बंद करू नका. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही औषधं ठोके रोखून धरण्यासाठीच असतात. ती चालू असताना वयाचं कुठलंही सूत्र तुम्हाला लागू नाही. १०४ हा तुमच्यासाठी कदाचित चांगलाच कष्टाचा आकडा असेल.

तुम्ही ठोके सोडा आणि दम मोजा. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी त्यासाठी ६ ते २० चा तक्ता केला आहे. ६ म्हणजे आरामखुर्चीत बसलेलो, २० म्हणजे आता कोसळेन. तुमचं चालणं ११ ते १३ मध्ये असावं. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडे कष्ट पडतायत पण अजून बराच वेळ चालता येईल. पायऱ्या चढताना सोबत्याला नातवाच्या शाळेची हकिकत सलग सांगता येते ना? मग पुरे. आकडाच हवा असेल तर डॉक्टरांना विचारून, नेहमीची गोळी घेतलेल्या अवस्थेत, ट्रेडमिलची तपासणी करून घ्या. तिथे दिसलेले कमाल ठोके तुमचे. पुढे औषध किंवा मात्रा बदलली की तो आकडाही बदलेल.

प्रश्न : माझं घड्याळ वेडं झालंय. पळायला सुरुवात केली की दोन मिनिटांत १७२ दाखवतं, आणि सायकलने दौलताबादचा घाट चढताना, जीव जात असताना, ९५! — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची हालचाल वाचतं. पळताना हाताचा हेलकावा त्याला ठोक्यासारखा वाटतो आणि ते तुमची पावलंच मोजू लागतं. मिनिटाला १७० च्या आसपास पावलं पडतात, १७२ तिथून आले. सायकलवर मनगट वाकलेलं, मूठ आवळलेली, वर खड्ड्यांचे धक्के, त्यामुळे तिथे उलटी चूक होते. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट बांधा. एवढ्यानेही नीट आलं नाही तर छातीला बांधायचा पट्टा घ्या. तो हृदयाचा विजेचा संदेश थेट पकडतो. बांधण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करायची, नाहीतर आपल्या कोरड्या हवेत पहिली दहा मिनिटं काहीबाही दाखवतो. आणि पळण्याचे झोन सायकलला लावू नका. सायकलवर शरीराचं वजन सीट सांभाळते, म्हणून बहुतेकांचे ठोके त्याच कष्टाला पाच-दहाने कमी असतात. सायकलची चाचणी वेगळी करा, घाटात नको, सपाट रस्त्यावर.

प्रश्न : उठल्या उठल्या चहा लागतो. चहा घेऊन नाडी मोजली तर चालेल? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही चालणार. चहा ठोके वर नेऊ शकतो, आणि उठून उभं राहण्याने तर ते वाढतातच. लघवीला जाऊन या, परत दोन-तीन मिनिटं आडवे व्हा, नाडी मोजा, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मग चहा. नेहमीपेक्षा सात-आठने जास्त आला तर त्या दिवशी कठीण सराव नको. बहुतेक वेळा दुपारपर्यंत सर्दी तरी निघते, नाहीतर आदल्या रात्री झोप कमी झालेली असते.